ओळ चारशे सतरा

२ मार्च

शेताच्या नोंदवहीत आकड्यांना रकाने आहेत, चिडण्याला नाही. म्हणून ही दुसरी वही.

गहू संशोधन केंद्रात येऊन मला चार महिने झाले. त्याआधी सहा वर्षं मी प्रयोगशाळेत होते. गव्हाच्या पानाचा नखाएवढा तुकडा घ्यायचा आणि त्यात रोगाला अडवणारं कुठलं जनुक आहे ते सांगायचं, एवढंच काम. इथे चिखल आहे, आणि डोंगरातली अशी थंडी की गहू जूनमध्ये कापणीला येतो. गेल्या वर्षी तांबेऱ्याच्या बुरशीची एक नवी जात आली आणि जो वाण सगळे पेरत होते तो तिने महिनाभरात संपवला. हिरव्या पानांवर नारिंगी फोड, बोट लावलं की गंजासारखी पूड. आता आम्ही सहाशे ओळी पेरल्या आहेत, प्रत्येक ओळीत वेगळा गहू. मेअखेर त्यांतल्या साठ ठेवायच्या, बाकीच्या मोडायच्या. निवड करायची मी आणि बाईंनी.

बाई म्हणजे इथल्या सगळ्यांत जुन्या पैदासकार, संकर करून नवे वाण घडवणाऱ्या. जूनअखेर निवृत्त होतील. मी त्यांना आवडत नाही. बोलताना त्या माझ्याकडे बघतच नाहीत, माझ्या डाव्या कानाकडे बघतात. आज मी केस बांधून गेले, तरी कानच.

९ मार्च

काचघरातल्या कोवळ्या रोपांचा निकाल लागला. मी ज्या ओळीवर आस लावून आहे ती बावन्न नंबरची. तिच्यात एक दणदणीत जनुक आहे, मी स्वतः तपासलेलं. पानावर एक फोड नाही. चारशे सतरा नंबरच्या ओळीचं मात्र बघवत नाही. आठ रोपं, आठही नारिंगी. तिच्यात नावाजलेलं एकही जनुक सापडलेलं नाही. मी यादीत तिच्यापुढे फुली मारली.

बाईंनी फुली खोडायला सांगितली. ही त्यांची स्वतःची ओळ, बावीस वर्षं सांभाळलेली. म्हणाल्या, लहानपणी आजारी पडते, पण मोठी झाली की रोगाला वाढू देत नाही. रोग तिच्यावर येतो, पण रेंगाळतो. एका मोठ्या जनुकाचा हा खेळ नाही, चार-पाच छोटी जनुकं थोडाथोडा भार उचलतात. मी म्हटलं, पुरावा? तर म्हणाल्या, शेतात बघू.

बावीस वर्षं जपलं की दगडही लाडका होतो. हे मी बोलले नाही, इथे लिहिते.

१४ मार्च

बाई घरी आल्या होत्या. शेताच्या कुंपणाच्या तारेत अडकून त्यांच्या कोटाची बाही फाटली होती. मी म्हटलं, माझे वडील शिंपी आहेत, घरीच बसतात, मी कोट नेते. तर म्हणाल्या, मापाचा प्रश्न आहे, मीच येते.

बाबांचं आज काय बिनसलं होतं कळत नाही. एरवी गिऱ्हाईक आलं की मशिनीवरून मान वर करत नाहीत. आज उठून दारात गेले आणि "इथे एक पायरी उतरायची आहे" म्हणाले, जणू बाई लहान मूल आहेत. वाटेतलं स्टूल उचलून बाजूला ठेवलं. चहाच्या कपाचा कान त्यांच्या हाताकडे वळवून ठेवला आणि "कप तुमच्या उजव्या हाताशी आहे" असं सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बटणं दाखवायच्या ऐवजी पाच-सहा बटणं त्यांच्या तळहातावर ओतली. बाईंनी एकेक चाचपून दोन बाजूला काढली. बाबा म्हणाले, शिंगाची आहेत, नजर चांगली आहे तुमची. यावर दोघंही हसली. मला विनोद कळला नाही.

त्या गेल्यावर मी बाबांना म्हटलं, असं काय वागत होता? ते म्हणाले, "पन्नास वर्षं सुईत दोरा ओवतोय पोरी." हे उत्तर आहे का?

२० मार्च

आज संध्याकाळी शेतात रोग सोडला. विचित्र धंदा आहे आमचा, सगळं जग ज्याला हाकलतं त्याचे बीजाणू आम्ही पाण्यात कालवून पिकावर फवारतो. दोन ओळींच्या मध्ये लवकर बळी पडणारा गहू पेरलेला आहे, तो आधी पेटतो आणि शेजाऱ्यांना रोग वाटतो. फवारणी मुकादमांनी केली. केंद्रात तीस वर्षं झाली त्यांना, बाईंच्या मागे सावलीसारखे असतात. बांधावरून चालताना सतत बोलत राहतात: "इथे पाटाचं पाणी आहे, इथे खड्डा बुजवायचा राहिलाय." शेतात खड्डे आहेत हे बाईंना बावीस वर्षांत कळलं नसेल का?

२८ मार्च

बाबांनी बाईंच्या कोटाची बाही तिसऱ्यांदा उसवली. त्यांच्या मते खांद्याशी अजून ओढतेय. आयुष्यात मी त्यांची एक शिलाई चुकलेली पाहिली नाही. वय झालं बहुतेक. बाईंना बिचाऱ्यांना पुन्हा यावं लागणार. मी म्हटलं, मी नेऊन देते, तर माझ्यावरच खेकसले.

५ एप्रिल

पहिली मोजणी. प्रत्येक ओळीतल्या शेवटच्या, म्हणजे सगळ्यांत वरच्या पानाचा किती टक्के भाग रोगाने व्यापलाय ते नुसत्या नजरेने सांगायचं. मधल्या रोगवाटप्या गव्हावर तीस. माझी बावन्न शून्य, अगदी धुतल्यासारखी.

बाई माझी परीक्षा घेतात. स्वतः एकही आकडा सांगत नाहीत, "तू सांग" म्हणतात. मग पान चिमटीत धरून अंगठा फिरवतात. चारशे सतराला मी दहा म्हटलं. त्यांनी पाच-सहा पानं चाचपली आणि म्हणाल्या, पाच. मी वाकून नीट पाहिलं. पाचच होते. इतकं येतं तर माझ्याकडून कशाला वदवून घ्यायचं? पुन्हा बघत होत्या त्या भलतीकडेच, मळ्याच्या टोकाला, जणू पानाशी त्यांचा काही संबंध नाही.

घरी येऊन खूप वेळ हात धुतले. नखांतला नारिंगी रंग जात नाही.

८ एप्रिल

आज जे सापडलं ते सापडायला नको होतं.

चारशे सतराचे जुने आकडे बघावेत म्हणून बाईंच्या कपाटातल्या नोंदवह्या काढल्या. वीस वर्षांचं अक्षर त्यांचं, बारीक, सुबक, उजवीकडे झुकलेलं. शेवटची दोन वर्षं मात्र वेगळी. आकडे ठसठशीत, सातला मध्ये आडवी रेघ. असा सात केंद्रात एकच माणूस काढतो, मुकादम. खाली मोजणाऱ्याची सही बाईंची, तीही ओळ सोडून खाली घसरलेली.

म्हणजे दोन वर्षं त्या शेतात उतरल्याच नाहीत. मुकादमांना पाठवलं आणि स्वतःच्या नावावर खपवलं. आणि याच आकड्यांच्या जोरावर चारशे सतरा इथपर्यंत आली. नियम साधा आहे: ज्याने पाहिलं त्याने सही करायची. पहिल्याच आठवड्यात हे मला शिकवलं कुणी? बाईंनीच.



९ एप्रिल

संचालकांना पत्र लिहिलं. चार वेळा लिहिलं. शेवटचा मसुदा एका पानाचा आहे. त्यात "अप्रामाणिक" हा शब्द दोनदा आला होता, एकदा ठेवला.

बाबांना वाचून दाखवलं. ते काज करत होते, सुई थांबली. मग म्हणाले, "दे पत्र, पण आधी त्यांना विचार. आणि विचारताना त्यांच्या थेट समोर उभी राहू नकोस. जरा बाजूला राहा."

मी विचारलं, बाजूला का? म्हणाले, करून बघ.

११ एप्रिल

आज घडलं ते घडलं तसं लिहून ठेवते.

बाई बियाण्याच्या खोलीत एकट्या होत्या, खिडकीजवळच्या टेबलाशी. मी बाबांनी सांगितल्याप्रमाणे त्यांच्या डाव्या खांद्याशी, जरा बाजूला उभी राहिले. म्हटलं, बाई, गेल्या दोन वर्षांचे आकडे मुकादमांच्या अक्षरात आहेत.

त्यांनी मान वळवली नाही. म्हणाल्या, "तू गोरी असशील असं वाटलं होतं. गहूवर्णी आहेस."

मला काही उमगेना. मग त्यांनी सांगितलं. डोळ्यांच्या मधोमधची नजर गेली आहे, दोन वर्षं होऊन गेली. कडेचं दिसतं, मधलं नाही. समोरच्या माणसाचा चेहरा म्हणजे राखाडी डाग. त्याला बघायचं तर त्याच्या कानाकडे बघावं लागतं, तेव्हा कुठे चेहरा कडेला येतो, तोही धूसर. चालता येतं, बांध ओळखीचा आहे. पानावरचा फोड दिसत नाही. इलाज झाले, उरलेली नजर टिकेल, गेलेली परत यायची नाही.

पाच महिने मी त्या कानाचा राग करत होते.

मी खिशातलं पत्र काढून टेबलावर ठेवलं. का ठेवलं मला माहीत नाही, लपवणं जमेना. त्यांनी कागद चाचपला आणि म्हणाल्या, मला वाचता येणार नाही, वाचून दाखव.

मी म्हटलं, नको. त्या म्हणाल्या, लिहिलंस ना?

मी माझंच पत्र त्यांना वाचून दाखवलं. एक पान. एवढं लांब पान मी आयुष्यात वाचलं नव्हतं. "अप्रामाणिक"पाशी मी अडले, तेव्हा त्या वाट बघत थांबल्या. मी तो शब्द वाचला.

"बरोबर लिहिलंयस," त्या म्हणाल्या. "मुकादमांनी पाहिलं आणि खोटं काही लिहिलं नाही. पण सही माझी नव्हती, ती मी केली. डोळे गेले असं सांगितलं असतं तर मला घरी पाठवलं असतं आणि चारशे सतरा दुसऱ्या दिवशी मोडली असती. म्हणून गप्प राहिले. कारण आहे, पण सबब नाही."

मी रडले. त्या रडल्या नाहीत. मला रुमाल देताना त्यांचा हात हवेत जरा डावीकडे गेला, मी सरकून तिथे गेले.

मग आम्ही कामाचं बोललो, कारण दोघींनाही तेच येतं. मागची दोन वर्षं खोडायची. चारशे सतरा जगली तर या एका हंगामावर जगेल, आणि आकडे माझे असतील. मी म्हटलं, मग मला कळता कामा नये कुठली ओळ कुठली. आता तर मी तिच्याकडे झुकेन. ओळींच्या नंबरांच्या सगळ्या पाट्या झाकायच्या. मुकादमांनी ओळींचा क्रम स्वतःजवळ ठेवायचा, मी फक्त पान बघायचं.

बाई म्हणाल्या, आता तू पैदासकार झालीस. त्या वेळीही त्यांची नजर माझ्या कानाकडेच होती.

१२ एप्रिल

पत्र द्यायची वेळ आली नाही. बाई सकाळी आठला स्वतः संचालकांकडे गेल्या आणि सगळं सांगून आल्या. दोन वर्षांचे आकडे रद्द. त्यांच्या नावावर लेखी ताकीद. मोजणीचं काम काढून घेतलं, पण जूनपर्यंत राहू दिलं. चारशे सतराचा निकाल या हंगामावर.

मुकादम दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं माझ्यावर राग. संध्याकाळी अवजारांच्या खोलीत भेटले तेव्हा कळलं, राग बाईंवर आहे. "दोघांनी मिळून केलं होतं, ताई. सांगायला एकट्या कशाला गेल्या?" डोळे पुसत म्हणाले, धूळ फार आहे इथे.

१७ एप्रिल

सहाशे पाट्या झाकायला सहाशे टोप्या हव्यात. बाबांनी जुन्या चादरी फाडून शिवायला घेतल्या. मी म्हटलं, प्लास्टिकच्या पिशव्या बांधू, तर म्हणाले, वाऱ्यात उडतील. तीन दिवस मशीन चालू आहे. बाई मदतीला येतात. शिवणातलं त्यांना ओ की ठो कळत नाही, नुसती नाडी ओवतात, पण बोटं हुशार आहेत. दोघं सारखी बोलत असतात. आज मी चहा घेऊन गेले तर एकदम गप्प. मी विचारलं, काय झालं? बाबा म्हणाले, नाडी संपली. टोपलीत नाडीचा ढीग पडला होता.

१९ एप्रिल

दुसरी मोजणी. टोप्या घातलेल्या सहाशे पाट्या, जणू शाळा भरली आहे. मुकादम क्रम उलटापालटा करून मला नेतात, मी बघते, आकडा सांगते, ते लिहितात. खाली दोन सह्या, माझी आणि त्यांची. एकाही ओळीवर वीस सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळायचं नाही असं मी ठरवलंय. नाहीतर मन पानावर नसलेलं वाचायला लागतं.

२६ एप्रिल

तिसरी. रोगवाटप्या गहू ऐंशीवर. बऱ्याच ओळी साठ-सत्तर. मला आता नारिंगी रंगाची शिसारी येते.

३ मे

चौथी, शेवटची. एका ओळीला पंधरा दिले. मनात आलं, हीच ती. लगेच ठरवलं की मनात आलं म्हणजेच मी झुकते आहे, आणि वीस केले. मग वाटलं, हीसुद्धा लबाडीच. पुन्हा जाऊन पानं मोजली, एकेक. पंधरा. पंधरा लिहायला सांगितले.

एका ओळीत कोपऱ्यातल्या चारच रोपांवर मोठे, टपोरे फोड दिसले, बाकी पानं स्वच्छ. असं मी आधी पाहिलं नव्हतं. ती पानं तोडून काचघरात पाठवली.

बाबा हल्ली दर रविवारी बाईंना वर्तमानपत्र वाचून दाखवायला जातात. त्यांना डोळ्यांचा त्रास, म्हणून. बरंय, बाबांचाही वेळ जातो. आज दाढी दोनदा केली, पहिल्यांदा नीट झाली नाही म्हणे.

५ मे

टोप्या काढल्या.

मुकादमांनी यादी वाचली, मी आकडे जुळवले, बाई खुर्चीत बसून ऐकत होत्या. चारशे सतरा: पाच, दहा, दहा, पंधरा. रोगवाटप्या गहू तिच्या दोन्ही अंगांना शंभरावर पोचला, आणि ती मध्ये उभी राहून पंधरावर. आजारी आहे, पण उभी आहे. दाणा भरला आहे.

मुकादमांनी पुन्हा एकदा वाचून दाखवलं. बाई दोन्ही तळहात मांडीवर उपडे ठेवून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, पाणी द्या कुणीतरी.

टपोऱ्या फोडांची ओळ बावन्न निघाली. माझी.

१८ मे

काचघराचा निकाल: बावन्नवरचे बीजाणू बुरशीच्या आणखी एका नव्या जातीचे आहेत. आधीच्या जातीला अडवणारं ते दणदणीत जनुक हिच्यापुढे काहीच नाही. रोपं सपाट झाली. एका कुलपावर भरवसा ठेवला आणि चोराला किल्ली सापडली. सहा वर्षं ज्याच्यावर काम केलं ते पंधरा दिवसांत संपलं.

बाई समजूत घालायला आल्या नाहीत. माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि विचारलं, याच बीजाणूंची मोठ्या रोपांवर चाचणी केलीस का? चारशे सतराची काचघरात सहा मोठी रोपं आहेत. केली होती, मी म्हटलं, वीस टक्के, पुढे जात नाही. त्यांनी मान डोलावली. मग म्हणाल्या, बावन्न फेकू नकोस, दोघींचा संकर कर. तुझं एक मोठं, माझी छोटी. मी नसेन, पण तू आहेस.

मी नीटशी सावरलेले नव्हते, तरी तिथेच कागद काढून संकराचा आराखडा मांडायला बसले.

२९ मे

साठ ओळींची यादी मंजूर झाली. चारशे सतरा तिच्यात आहे. मोजणी करणाऱ्यांच्या रकान्यात मुकादमांचं नाव छापून येणार, केंद्राच्या अहवालात पहिल्यांदाच. त्यांनी तीन वेळा विचारलं, नक्की ना? मग नावाचं स्पेलिंग स्वतः तपासून गेले.

९ जून

कापणीचा आदला दिवस. बाईंनी शेवटचं एकदा शेत बघायचं म्हटलं. बाबांनाही बरोबर आणलं होतं, का ते विचारायचं राहिलं. बाबांच्या अंगात इस्त्रीचा शर्ट. मळ्यात.

बांधावर उभ्या राहून बाई मला म्हणाल्या, कसं दिसतंय ते सांग. मी सांगायला लागले: उंची नव्वद सेंटिमीटर, कुठे आडवं पडलेलं नाही, ओंबीला पंचेचाळीस ते पन्नास दाणे. त्यांनी हात वर केला. आकडे मला पाठ आहेत, म्हणाल्या, दिसतंय कसं?

सहा वर्षं पानांचे तुकडे आणि एक हंगाम टक्के, एवढंच मी पाहिलं होतं. कसंबसं म्हटलं, पिवळं आहे. सगळं वाळलंय. ओंब्या खाली वाकल्यात.

बाबा म्हणाले, "पिवळं नाही. धुऊन धुऊन मऊ झालेल्या खाकीचा रंग आहे, आणि वारा आला की आतलं अस्तर दिसतं, फिकट, रेशमासारखं. तुमची ओळ जरा गडद आहे. पानांवर अजून तांबूस ठिपके आहेत, पण कुसळं अशी ताठ उभी, की कुणी हात लावून बघावा."

बाईंनी हात लावून बघितला. एक ओंबी मुठीत धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. चेहरा बाबांच्या कानाकडे होता, म्हणजे बाबांकडे बघत होत्या.

मी पाट्या गोळा करायला पुढे गेले. सहाशे खुंट्या उपटायच्या होत्या, उद्या कापणीयंत्र येणार. पन्नासेक उपटून मागे पाहिलं तर दोघं परत निघाली होती, बांधावरून, अगदी सावकाश. बाबांनी हात पुढे केला नव्हता, बाईंनीच त्यांच्या दंडाला धरलं होतं. मुकादम बरोबर असूनही मागे राहिले होते आणि खड्ड्यांबद्दल एक अक्षर बोलत नव्हते.

तिथे बांध फार उंचसखल आहे, म्हणून धरलं असेल.